फॉव्ह रंग आणि डिजिटल कॅनव्हास: तीव्रता वाढवूनही चित्र जिवंत का होत नाही? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

कोरा कॅनव्हास

गेले आठ महिने मी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या फ्रेंच फॉव्ह चित्रकारांच्या रंगविचारावरून डिजिटल निसर्गचित्रांची एक मालिका करीत आहे. चौदा चित्रे पूर्ण झाली आणि त्यांतली अकरा मी स्वतःच बाद केली. त्या अकरांत रंगांची कमतरता नव्हती. पडद्याला जितका भडकपणा दाखवता येतो तितका सगळा त्यांत होता. तरीही त्या चित्रकारांपैकी आंद्रे दरँचे एखादे लहानसे निसर्गचित्र साध्या छापील प्रतीतही जसे धगधगते, तसे माझे एकही चित्र धगधगत नव्हते. ही उणीव कोठून येते याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडतो, आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, चूक असेल तेथे ती दाखवावी, अशी विनंती करतो.

ज्यांना हा संप्रदाय फारसा परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. १९०५ च्या उन्हाळ्यात आंरी मातीस आणि दरँ हे दोघे कोलिऊर या, स्पेनच्या सीमेजवळच्या फ्रेंच मच्छीमार गावी एकत्र चित्रे काढीत होते. त्याच वर्षी शरद ऋतूत पॅरिसच्या सालाँ दोतॉन या प्रदर्शनाच्या सातव्या दालनात त्यांची चित्रे लागली. सोबत मॉरीस व्लामँक, आल्बेअर मार्के, आंरी मांगँ आणि शार्ल काम्वँ यांचीही होती. त्या दालनात प्रबोधनकालीन वळणाचे एक शिल्प ठेवलेले होते. ते पाहून लुई व्होसेल या समीक्षकाने 'श्वापदांमध्ये दोनातेल्लो' (म्हणजे प्रबोधनकाळातला इटालियन शिल्पकार) अशा अर्थाचा शेरा लिहिला, आणि श्वापद या अर्थाचा 'फॉव्ह' हा फ्रेंच शब्द या चित्रकारांना कायमचा चिकटला. त्यांची एकत्र वाटचाल जेमतेम तीन वर्षांची. १९०८ च्या सुमारास जो तो आपापल्या मार्गाने निघून गेला होता. इतक्या अल्पकाळात झालेल्या या कामाकडे आज डिजिटल चित्रकार पुन्हा पुन्हा वळतात, याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण ज्याच्या हातातल्या रंगपेटीत लाखो रंग एका स्पर्शावर उपलब्ध आहेत त्याला रंगाच्या स्वातंत्र्याचे आकर्षण वाटणारच.

माझी पद्धत सुरुवातीला अशी होती: छायाचित्र समोर ठेवायचे, त्यावरून आकार आखून घ्यायचे, प्रत्येक रंग मूळ रंगापेक्षा कितीतरी तीव्र करून भरायचा आणि शेवटी तैलरंगाचा पोत देणाऱ्या कुंचल्याने वरून फटकारे मारायचे. आकाश निळे होते, ते अधिक निळे झाले. झाडे हिरवी होती, ती अधिक हिरवी झाली. म्हणजे मी रंगाला मुक्त केलेच नव्हते. छायाचित्राने जी आज्ञा दिली तीच मी मोठ्या आवाजात वाचून दाखवत होतो.

हे ध्यानात आले ते मातीसच्या 'हिरवी रेघ' या चित्रामुळे. १९०५ चे हे व्यक्तिचित्र त्याच्या पत्नीचे असून ते आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याच्या मधोमध हिरव्या रंगाचा एक जाड पट्टा उतरतो आणि त्यामुळे चेहऱ्याची एक बाजू उष्ण (तांबड्या-पिवळ्याकडे झुकणारी) तर दुसरी शीत (निळ्या-हिरव्याकडे झुकणारी) होते. पार्श्वभूमीतही एकीकडे हिरवा, दुसरीकडे जांभळा व नारिंगी आहे. हा पट्टा विक्षिप्तपणाने ओढलेला नाही. पारंपरिक व्यक्तिचित्रात प्रकाश आणि छाया जेथे एकमेकांना भेटतात नेमक्या त्याच जागी तो आहे, आणि छायेचे काम तो काळपट रंगाने न करता हिरव्याने करतो. त्या जागी कोणताही भडक रंग चालला असता का? मी करून पाहिले. चित्राची एक प्रत घेऊन तो पट्टा मी लिंबासारखा पिवळा केला, आणि नाक तत्क्षणी सपाट झाले. मग तो गडद निळा केला, तेव्हा चेहरा मधोमध चिरल्यासारखा दिसू लागला. हिरव्याचा उजळपणा, त्याची रुंदी आणि त्याचे शेजारी यांपैकी एकही गोष्ट बदलली की चेहरा मोडतो.

यावरून माझे मत असे बनले आहे की फॉव्ह चित्रात रंगाची छटा मोकळी असते, परंतु तिचा उजळपणा आणि तिने व्यापलेले क्षेत्र यांना मोकळीक नसते. डिजिटल साधने नेमकी उलट सवय लावतात: छटा छायाचित्रातून उचलायची आणि तीव्रतेची पट्टी उजवीकडे सरकवायची. माझे हे निदान बरोबर आहे का, आणि असल्यास प्रत्यक्ष काम करताना ते कसे पाळावे, यावर चर्चा व्हावी.

तिसरा थर

निदान बरोबर आहे, आणि त्यामागचे गणित सांगितल्यास ते अधिक स्पष्ट होईल. बहुतेक चित्र-प्रणालींत, म्हणजे संगणकावर चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरांत, रंग निवडण्याची जी चौकट असते ती छटा, तीव्रता आणि उजळपणा अशा तीन अंकांवर चालते. तेथे शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोहोंचा उजळपणा १०० असाच दाखवला जातो. डोळ्याला मात्र ते मुळीच समान दिसत नाहीत. आपल्या सर्वसामान्य पडद्यांच्या एसआरजीबी मानकात एकूण प्रकाशमानतेत हिरव्या किरणाचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ टक्के धरलेला आहे. डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेल्या सीलॅब मोजणीत, जिथे काळा शून्य आणि पांढरा १०० असतो, शुद्ध पिवळा ९७ वर, हिरवा ८८ वर, तांबडा ५३ वर आणि निळा ३२ वर येतो.

याचा परिणाम असा की छटा बदलताना चौकटीतला उजळपणाचा अंक आपण जागचा हलवला नाही तरी खरा उजळपणा प्रचंड हलतो. आपण सावलीतला करडा काढून तेथे त्याच अंकाचा नारिंगी घातला तर सावली सावली राहत नाही. ओकेलॅब ही २०२० साली प्रसिद्ध झालेली रंगप्रणाली किंवा तिच्यावर आधारलेली निवडचौकट जेथे उपलब्ध असेल तेथे ती वापरावी. तीत छटा फिरवली तरी उजळपणा बऱ्याच अंशी स्थिर राहतो.

एक सावधगिरीही सांगतो. उजळपणा तपासण्यासाठी अनेक जण तीव्रतेची पट्टी शून्यावर नेतात. काही प्रणालींत त्या आज्ञेने शुद्ध तांबडा, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा हे तिन्ही अगदी एकसारख्या करड्यात उतरतात, त्यामुळे तपासणीच खोटी ठरते. त्याऐवजी सर्वांत वर काळ्या रंगाने भरलेला एक लेयर (चित्राचा स्वतंत्र थर) ठेवावा, त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थरांशी मिसळण्याची रीत, 'कलर' अशी करावी, म्हणजे चित्र खऱ्या उजळपणानुसार करड्या रंगांत दिसते, आणि हवे तेव्हा तो दाखवावा अथवा लपवावा. मी तो लेयर चित्र सुरू करतानाच तयार करतो.

जांभळी सावली

वरील दोन्ही प्रतिसाद मला पटले, पण 'उजळपणाला मोकळीक नसते' हे विधान सर्व फॉव्ह चित्रांना सारखे लागू करू नये. कोलिऊरहून दरँने व्लामँकला जुलै १९०५ मध्ये जे पत्र लिहिले त्यात प्रकाशाची एक नवी कल्पना सापडल्याचे तो सांगतो, आणि ती कल्पना म्हणजे सावलीचा नकार. तेथील प्रकाश इतका प्रखर होता की सावल्याही त्याला प्रकाशाने भरलेल्या वाटत होत्या. दरँच्या कोलिऊरच्या चित्रांत सावली पुष्कळदा गडद नसतेच. ती निळी, जांभळी किंवा हिरवी असते, आणि उजेडाच्या बाजूपासून ती वेगळी ओळखू येते ती उष्ण-शीत भेदामुळे. तेथे उजळपणाचा सांगाडा जाणूनबुजून दाबून जवळजवळ एकाच पातळीवर आणलेला असतो.

म्हणून मी असे सुचवेन की चित्र सुरू करण्यापूर्वीच एक निर्णय घ्यावा. आकाराचा भार गडद-उजळ भेदावर टाकायचा, की उष्ण-शीत भेदावर? 'हिरवी रेघ' पहिल्या प्रकारच्या जवळ जाते. मातीसचीच 'कोलिऊरची उघडी खिडकी' मला दोहोंच्या मधली वाटते. त्या खिडकीच्या चित्रात एका बाजूची भिंत निळसर हिरवी आणि दुसरी गुलाबी-जांभळी आहे. खोली एकच, प्रकाश एकच, तरी दोन भिंतींचे रंग परस्परविरोधी. छायाचित्रात हे कधीही सापडणार नाही, आणि छायाचित्राच्या रंगांना कितीही ताणले तरी तेथे पोहोचता येणार नाही. मुळात त्या भिंतींचे रंग भिंतींसाठी निवडलेलेच नाहीत. खिडकीबाहेरच्या होड्या आणि गुलाबी लाटा यांना दोन्ही बाजूंनी पेलून धरणारी ती चौकट आहे.

डिजिटल कामात हा निर्णय टाळला जातो, कारण लेयर आणि पूर्वपदावर आणणारी आज्ञा हाताशी असल्याने 'नंतर बघू' असे म्हणण्याची मुभा असते. माझ्या चित्रांतली संभ्रमित चित्रे सगळी या 'नंतर बघू'तून निर्माण झालेली आहेत.

चिमूटभर निळा

क्षेत्रफळाचा मुद्दा कोरा कॅनव्हास यांनी ओझरता मांडला. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मिशेल-यूजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या शाही विणकामशाळेत रंगविभाग सांभाळत होते. तेथील काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपास करता काळ्या सुतात दोष सापडला नाही. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणल्यामुळे तो काळा निस्तेज भासत होता. शेजारी बदलला की रंग बदलतो, हा नियम त्यांनी १८३९ साली सविस्तर मांडला. त्यावर जॉर्ज सरा आणि पोल सिन्याक यांचा, शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून चित्र घडवणारा नव-दृक्प्रत्ययवाद उभा राहिला, आणि १९०४ च्या उन्हाळ्यात मातीस सँ-त्रोपे येथे सिन्याकच्या सहवासात तोच धडा गिरवत होता. पुढच्याच वर्षी त्याने ठिपक्यांची शिस्त सोडून दिली, पण शेजाराचा नियम सोडला नाही. ठिपका मोठा होत होत पट्टा झाला, आणि पट्टा सपाट क्षेत्र झाला.

१९०८ साली मातीसने आपल्या चित्रणविचारांवर एक दीर्घ लेख लिहिला. पांढऱ्या कॅनव्हासवर निळा, हिरवा, तांबडा असे एकेक ठिपके ठेवत गेल्यास प्रत्येक नव्या ठिपक्याबरोबर आधीच्यांचे महत्त्व घटत जाते, असे तो तेथे सांगतो. म्हणून रंगांमधील नाती अशा रीतीने राखावी लागतात की त्यांनी एकमेकांना मारून टाकू नये. त्याच लेखात तो आणखी एक गोष्ट म्हणतो, जी डिजिटल चित्रकाराने कागदावर लिहून पडद्याशेजारी लावावी अशी आहे: एखादी रचना मोठ्या कॅनव्हासवर न्यायची असेल तर ती यांत्रिकपणे वाढवून चालत नाही, तिची कल्पना नव्याने करावी लागते.

आपण मात्र दोन बोटांनी चित्र लहान-मोठे करीत राहतो. वाढवून पाहताना डोळ्यात भरणारा निळा पूर्ण चित्रात चिमटीएवढा उरतो, आणि मग आपण त्याची तीव्रता वाढवतो, तीही चिमटीत मावत नाही. मी आता चित्राचा पहिला सारा टप्पा एकदाही न वाढवता, पूर्ण चौकट दिसत असतानाच करतो. हात अवघडतो, बारकावे सुटतात, पण रंगांचे क्षेत्र आपोआप ठरत जाते.

वाटसरू

एक प्राथमिक शंका आहे. छायाचित्राला फॉव्ह शैली देणारे फिल्टर आणि स्वयंचलित साधने आता सहज मिळतात. त्यांचा निकाल पाहून सुरुवात केली आणि नंतर हाताने सुधारणा केल्या, तर त्यात गैर काय आहे? वेळ वाचतो आणि रंगांचे पर्यायही दिसतात.

तिसरा थर

गैर काही नाही, परंतु त्या साधनाकडून काय मिळते आणि काय मिळत नाही हे जाणून घेतलेले बरे. शैली-स्थलांतराची, म्हणजे एका चित्राची शैली दुसऱ्या प्रतिमेवर चढवण्याची, जी पद्धत २०१५ साली गॅटिस, एकर आणि बेथगे या संशोधकांनी मांडली, तिच्यात प्रतिमा ओळखण्यासाठी आधीच शिकवलेले एक न्यूरल नेटवर्क वापरले जाते. त्या जाळ्याच्या निरनिराळ्या थरांत कोणती लक्षणे कोणत्या लक्षणांबरोबर उमटतात याची सांख्यिकी काढली जाते आणि तिला 'शैली' मानले जाते. ही सांख्यिकी काढताना लक्षण चित्रात कोठे होते ही माहिती मुद्दामच गाळलेली असते. आता 'हिरव्या रेघे'चा विचार करा. त्या चित्राचे सगळे मर्म हिरवा *कोठे* आहे यात आहे. स्थान गाळून उरते ते हिरवा, गुलाबी, जांभळा यांचे प्रमाण आणि फटकाऱ्यांचा पोत. म्हणून त्या पद्धतीने केलेल्या व्यक्तिचित्रात हिरवा गालावर, केसांत, भिंतीवर कोठेही सांडलेला दिसतो.

नंतर आलेली, शब्दांवरून प्रतिमा घडवणारी साधने याहून पुष्कळ वेगळी चालतात आणि आकार अधिक नीट सांभाळतात. तरी माझ्या अनुभवात 'फॉव्ह' हा शब्द देताच ती सगळीकडे सारखीच तीव्रता पसरतात. विश्रांतीची जागा ठेवत नाहीत.

जांभळी सावली

वाटसरू यांना माझे उत्तर थोडे अधिक आग्रही आहे. सुधारणा करण्यासाठी आधी निर्णय चुकला आहे हे दिसावे लागते, आणि तयार चित्र समोर असले की ते दिसणे थांबते. डोळा मिळालेल्या रंगांशी जुळवून घेतो. चार-पाच चित्रे स्वतःच्या निर्णयांनी बिघडवल्याशिवाय या मार्गाला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

कोरा कॅनव्हास

सर्वांचे आभार. विश्रांतीच्या जागेचा जो उल्लेख झाला त्यावर थोडे लिहितो, कारण या आठवड्यात मी तेवढ्याच गोष्टीवर काम केले.

कोलिऊरच्या चित्रांत फटकाऱ्यांच्या मधून कॅनव्हासचा पांढरट पाया ठिकठिकाणी उघडा राहिलेला आहे. डोळ्याला तेथे थांबायला मिळते आणि शेजारचे दोन विरोधी रंग एकमेकांत मिसळून मळत नाहीत. मी आजवर काय करीत होतो? रंग भरणारी आज्ञा देत होतो, जी कडेपासून कडेपर्यंत एकही भेग ठेवत नाही. ती वापरणे मी आता बंद केले आहे. पाया वेगळ्या लेयरवर ठेवून कुलूपबंद करतो आणि त्यावर केवळ फटकारे मारतो, दोन फटकाऱ्यांत अंतर राखून.

पहिल्याच प्रयत्नात एक अडचण आली. पडद्यावरचा पूर्ण पांढरा हा सर्वांत प्रखर प्रकाश असतो, त्यामुळे त्या भेगा ठिणग्यांसारख्या चमकू लागल्या आणि रंग मागे पडले. कॅनव्हासचा पांढरा खोलीतला प्रकाश परतवतो, स्वतः प्रकाश देत नाही. तांबडा २४४, हिरवा २३६ आणि निळा २१८ अशा साधारण सायीच्या रंगावर आल्यावर त्या भेगा शांत झाल्या. दुसरा बदल असा की करड्या आणि मातकट रंगांना मी पुन्हा पॅलेटमध्ये जागा दिली. फॉव्ह चित्रांत मंद रंग नसतात हा माझा समज चुकीचा होता. मार्केच्या चित्रांत तर ते भरपूर आहेत, आणि त्यांच्यामुळेच एखादा तांबडा पेटतो.

काजळरेघ

मी बराच काळ तैलरंगात काम केले आणि आता टॅबलेटवर करतो, म्हणून साहित्याच्या बाजूने काही सांगावेसे वाटते.

फॉव्ह चित्रकारांचे रंग हे त्यांच्या काळातल्या रसायनशास्त्राचे देणे होते. धातूच्या नळीतला रंग १८४१ पासून मिळू लागला होता, आणि व्लामँक तर तो नळीतून थेट कॅनव्हासवर पिळत असे. कॅडमियम पिवळा, व्हिरिडियन हिरवा, कोबाल्ट जांभळा हे सारे एकोणिसाव्या शतकातले नवे रंग. कॅडमियम तांबडा मात्र सुमारे १९१० पर्यंत बाजारात आला नव्हता. १९०५ चा तांबडा बहुतांशी हिंगुळाचा किंवा लाख-रंगांचा (रंजकांपासून केलेल्या रंगद्रव्यांचा) होता. डिजिटल 'फॉव्ह पॅलेट' म्हणून जे संच फिरत असतात त्यांत कॅडमियम तांबडा हमखास आढळतो, तेव्हा ज्यांना कालानुरूप संच हवा त्यांनी हे लक्षात घ्यावे. तसेच आज आपण जे पाहतो ते १९०५ चे रंग आहेतच असेही नाही. फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहातील 'जीवनाचा आनंद' या मातीसच्या मोठ्या चित्रात कॅडमियम पिवळा प्रकाश आणि हवेच्या परिणामाने ठिकठिकाणी फिका पडून हस्तिदंती झाला आहे, काही ठिकाणी तपकिरीही. संग्रहालयाच्या छायाचित्रातून रंग उचलणारे चित्रकार अशा जागी मातीसने न निवडलेला रंग उचलतात.

मिश्रणाबाबत पडदा आणि रंग यांत मूलभूत फरक आहे. पडद्यावर शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा अर्धे-अर्धे मिसळले की राखाडी मिळतो. तैलरंगात हिरवा मिळतो. ओल्या रंगावर ओला फटकारा ओढला की कडेला जी तिसरी छटा जन्मते, तिच्यात फॉव्ह चित्रांची पुष्कळशी गंमत आहे, आणि साध्या डिजिटल कुंचल्यात त्या जागी धुरकट करडी कड येते. रंगद्रव्यांचे मिश्रण अनुकरणारी सोय आता रिबेलसारख्या काही प्रणालींत मिळते. तिचा पाया कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या समीकरणांवर आहे. ती सोय नसेल तर कडेचा तिसरा रंग स्वतः निवडून हाताने लावावा. मला तर हे दुसरे अधिक आवडते, कारण त्या कडेला हिरव्याऐवजी गुलाबीही लावता येतो.

छपाईबद्दल एक इशारा. पडद्यावरचे सर्वांत तीव्र हिरवे, निळे आणि किरमिजी रंग चार शाईंच्या छपाईत बसत नाहीत. त्यांची छाटणी होते. माझे एक चित्र छापून आले तेव्हा दोन वेगवेगळे निळे एकच होऊन गेले होते आणि त्यांच्यामधली सीमारेषाच नाहीशी झाली होती. चित्र छापायचे असेल तर अगदी आरंभापासून छपाईचे रंगपूर्वावलोकन चालू ठेवून काम करावे. ज्याची रचना केवळ तीव्रतेच्या शिखरावर उभी आहे ते चित्र छपाईत कोसळते. ज्याची रचना रंगांच्या नात्यांवर आहे ते थोडे मंदावते, पण टिकते.

चिमूटभर निळा

कोरा कॅनव्हास यांच्या लेयरविषयक अनुभवाला पूरक असे एक उदाहरण देतो. ते १९११ चे, म्हणजे फॉव्ह काळानंतरचे आहे, परंतु त्याच विचाराचे पुढचे पाऊल आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील मातीसच्या 'तांबडा स्टुडिओ' या चित्रात टेबल, खुर्ची, घड्याळ यांच्या बारीक रेषा दिसतात. त्या वरून काढलेल्या नाहीत. आधी खाली वेगवेगळे रंग होते, त्यांवर मातकट तांबडा पसरला आणि रेषांच्या जागी तो लावायचे टाळले. त्या फटींतून खालचे रंग डोकावतात, आणि म्हणून एकाच रेषेचा रंग वाटेत बदलतो.

डिजिटल माध्यमात हे करणे अत्यंत सोपे आहे आणि तरीही फार थोडे जण करतात. खालच्या लेयरवर पिवळा, गुलाबी, निळसर असे क्षेत्र मोकळ्या हाताने रंगवावे, वर एकच सपाट रंग पसरावा, त्या वरच्या लेयरला मास्क (लेयरचा हवा तो भाग लपवणारा पडदा) लावावा आणि मास्कवर बारीक कुंचल्याने खोडत जावे. रेषा काढण्याऐवजी ती उघडी पाडायची. आपण सगळे काळ्या बाह्यरेषेच्या सवयीत वाढलो आहोत. एकदा ही रेषा हाताला लागली की काळी रेषा पुन्हा घ्यावीशी वाटत नाही.

वाटसरू

फिल्टरशिवाय एक चित्र करून पाहिले. दोन दिवस लागले. छायाचित्र पहिल्या दहा मिनिटांनंतर बंद केले, उजळपणा तपासणारा काळा लेयर ठेवला आणि पाया सायीचा घेतला. झाडाचे खोड तांबडे केले, तेव्हा त्यामागचा हिरवा आपोआप अधिक हिरवा दिसू लागला, आणि त्याला मी हातही लावलेला नव्हता. शेव्रलचा नियम वाचून जे उमगले नव्हते ते त्या क्षणी उमगले. मात्र पाण्यातले प्रतिबिंब जमत नाही. झाड तांबडे आहे म्हणून प्रतिबिंबही तांबडेच असावे का?

जांभळी सावली

असे बंधन मुळीच नाही. १९०६ साली आंब्रवाझ व्होलार या चित्रविक्रेत्याच्या सांगण्यावरून दरँने लंडनची जी चित्रमालिका केली तीत थेम्सचे पाणी आकाशाचा किंवा पुलाचा रंग निमूटपणे परत देत नाही. पाण्याला स्वतःचे फटकारे आणि स्वतःचा रंग आहे. आपल्या चित्रात खोडाची दिशा प्रतिबिंबात राखा आणि रंग मात्र किनाऱ्यावरच्या एखाद्या तिसऱ्या गोष्टीकडून घ्या. उजळपणा खोडापेक्षा किंचित गडद ठेवला की ते पाणी आहे हे पाहणाऱ्याला कळते.

कोरा कॅनव्हास

बाद केलेल्या अकरांपैकी एक चित्र मी काल पुन्हा सुरुवातीपासून केले. समुद्राकडे उतरणारी वाट, डावीकडे भिंत, उजवीकडे दोन झाडे अशी रचना आहे. जुन्या चित्रात छत्तीस रंग होते, नव्यात नऊ आहेत. उष्ण-शीत भेदावर भार टाकायचा हे आधीच ठरवले होते, म्हणून भिंतीचा उजेडातला भाग नारिंगी आणि सावलीतला निळसर जांभळा, दोहोंचा उजळपणा जवळजवळ सारखा. काळा लेयर दाखवला की भिंत पूर्ण सपाट होते आणि लपवला की कोपरा स्पष्ट उभा राहतो. वाट गुलाबी आहे. समुद्र चित्राच्या सातव्या हिश्श्याएवढाच असून त्याला एकही शुद्ध निळा लावलेला नाही, तरी तो निळा दिसतो, कारण शेजारी नारिंगी आहे.

झाडांखालची सावली अद्याप सुटलेली नाही. तेथे हिरवा ठेवला तर ती गवत वाटते, जांभळा ठेवला तर भिंतीच्या सावलीशी एकरूप होऊन अवकाश बुजतो. सध्या तेथे केवळ पाया उघडा ठेवला आहे आणि कडेने तांबड्याचे चार फटकारे आहेत. पूर्ण चौकट पाहताना ती जागा उजेडाची भासते, सावलीची भासत नाही. आणि तरीही ती पुसून टाकावी असे मला वाटत नाही. दोन दिवस चित्र बंद ठेवून मग पाहीन. तोपर्यंत कोणास त्या जागेसाठी एखादा रंग सुचत असेल तर त्याच्या उजळपणासह अवश्य कळवावा.

काजळरेघ

भिंतीच्या जांभळ्यापेक्षा वीसेक अंकांनी उजळ असा फिका निळसर हिरवा, आणि तोही तुटक फटकाऱ्यांत, मधून पाया दिसेल असा. ते चार तांबडे फटकारे मात्र आहेत तेथेच राहू द्या.